बसून चालवायच्या मशीननं लॉन कापताना: आधी थांबवायला शिका

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरजवळ अक्कलकोट रस्त्याला मंगल कार्यालय आहे, त्याला लागून अडीच एकर लॉन. आजवर ढकलायच्या मशीनवर माणसं लावून कापून घेत होते. यंदा 42 इंची डेकची (डेक म्हणजे ब्लेडांवरचं लोखंडी झाकण), बसून चालवायची पेट्रोल मशीन घेतली. चालवायला गावाकडचा, ट्रॅक्टरवर हात बसलेला मुलगा ठेवला. महिनाभरात तीन तक्रारी झाल्या: कापलेलं गवत पट्ट्यापट्ट्यांनी उंच-सखल दिसतं, दोन दिवसांत टोकं पिवळी पडतात, आणि एकदा खडा उडून पार्किंगमधल्या गाडीची काच गेली. लॉनच्या एका कडेला शेततळ्याचा बांध आहे, त्यावरचं गवतही याच मशीननं काढावं का? आणि हाच मुलगा ठेवावा की मशीनची माहिती असलेला दुसरा कोणी बघावा?

तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत, सगळ्यांवर उपाय आहे. पण जी गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीच नाही, तीच मला सगळ्यांत जास्त खुपते आहे. तिथूनच सुरुवात करतो.

ट्रॅक्टरवाल्याला ही मशीन पाच मिनिटांत चालवता येते. स्टेअरिंग, ब्रेक, सीट, पीटीओचं (इथे ब्लेड चालू-बंद करायचं) बटण, सगळं ओळखीचं. आणि ओळखीचं वाटतं म्हणूनच ट्रॅक्टरच्या सवयी जशाच्या तशा इकडे येतात. शेतात मडगार्डवर एक-दोघांना बसवून न्यायची सवय असते. इकडे कुणाचं तरी लहान पोर हौसेनं मांडीवर बसतं. शेतात इंजिन चालू ठेवूनच खाली उतरून अवजारात अडकलेली मुळी ओढून काढतात. इकडे तसाच हात डेकखाली जातो. उतार आला की तेल वाचवायला न्यूट्रल करून सोडून देतात. इकडे तसं केलं की मशीन आवरत नाही. ट्रॅक्टरचं अवजार मागे, माणसापासून लांब असतं. इथे ते माणसाच्या पायाखाली, हातभर अंतरावर गरगरत असतं. म्हणून नवा चालक आला की मी त्याला आधी मशीन थांबवायला शिकवतो, चालवायला नंतर.

थांबवायचा क्रम ठरलेला आहे आणि तो हाताला इतका बसला पाहिजे की विचार करावा लागू नये. पीटीओ बंद. ब्लेडचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत सीटवर बसून राहायचं. पार्किंग ब्रेक. इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. मग पाय जमिनीवर. चांगल्या स्थितीतल्या मशीनचं ब्लेड पीटीओ बंद केल्यावर साधारण 5 सेकंदांच्या आत थांबतं. तुमच्या मशीनला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. त्याहून जास्त लागत असेल तर ब्लेडचा ब्रेक झिजलाय किंवा बेल्ट नीट बसलेला नाही, ते दुरुस्त होईपर्यंत मशीन बाहेर काढू नका.

डेकखाली ओलं गवत अडकलं तर ते काठीनंच काढायचं. इंजिन बंद आहे, किल्ली खिशात आहे, स्पार्क प्लगची वायर सोडवलेली आहे, तरीही काठीनंच. कारण 42 इंची डेकखाली सहसा दोन ब्लेडं असतात आणि ती एकाच बेल्टवर फिरतात. तुम्ही या बाजूचं ब्लेड हलवलंत की पलीकडचंही फिरतं, आणि दुसरा हात नेमका तिथे टेकलेला असतो. हे ज्यानं एकदा जवळून बघितलं, त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगत राहावं लागतं.

आता सीटखालचा स्विच. चालक सीटवरून उठला की ब्लेड आणि इंजिन बंद पडावं यासाठी तो बसवलेला असतो. खडबडीत जमिनीवर चालक जरा उसळला की मशीन बंद पडते, चालक वैतागतो, आणि जवळचा मेकॅनिक ‘स्विच डायरेक्ट करून देतो’ म्हणतो. दोन मिनिटांचं, एका वायरीच्या तुकड्याचं काम आहे. तुमच्या मशीनवर हे झालंय का ते आजच बघा. इंजिन चालू असताना, ब्लेड बंद आणि ब्रेक सोडलेला ठेवून चालकाला सीटवरून नुसतं किंचित उठायला सांगा, खाली उतरायला सांगू नका. इंजिन बंद पडलं तर स्विच शाबूत आहे. चालूच राहिलं तर आधी तो पूर्ववत करून घ्या. मागे घेताना ब्लेड आपोआप बंद होण्याची सोय असते, तिलाही हेच लागू. लहान मुलांच्या मोठ्या दुर्घटना बऱ्याचदा मशीन मागे घेतानाच होतात: मागून लहान मूल आवाजाच्या दिशेनं धावत येतं, आणि इंजिनच्या आवाजात चालकाला काहीच ऐकू येत नाही. म्हणून मागे घेण्याआधी ब्लेड बंद, मान वळवून मागे आणि खाली बघणं, मगच पेडल. कार्यालयात लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांची पोरं मोकाट असतात. त्या दिवशी मशीन बाहेर काढूच नका. आणि वयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं अशी मशीन चालवायला किमान 16 वर्षं वय सांगितलंय. मी तर 18 च्या आतल्या मुलाच्या हाती देत नाही.

आता तुमच्या काचेकडे येऊ. ब्लेड मिनिटाला 3,000 च्या आसपास फेरे घेतं आणि त्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरपर्यंत जातो. अमेरिकेतल्या मानकात या वेगाला वरची मर्यादाच घातलेली आहे, मिनिटाला 19,000 फूट. या वेगानं हरभऱ्याएवढा खडा लागला तरी डोळा जाऊ शकतो. काचेवर भागलं हे बरं झालं.

खडा बाहेर पडतो तो उजवीकडच्या, गवत फेकणाऱ्या तोंडातून. त्या तोंडावर प्लास्टिकचं किंवा रबराचं झाकण असतं, ते फेकलेली वस्तू खाली जमिनीकडे वळवतं. झाडाच्या आळ्याला लागतं, कुंड्यांत अडकतं म्हणून चालक ते वर बांधून ठेवतात किंवा काढूनच टाकतात. ते जागेवर हवं, स्प्रिंगसकट. दुसरी गोष्ट, फिरण्याची दिशा. कडेचे पहिले दोन-तीन फेरे प्रदक्षिणेच्या दिशेनं घाला. देवळाभोवती फिरताना देऊळ जसं उजव्या हाताला राहतं, तसं लॉनचं मधलं अंगण उजवीकडे राहतं, आणि गवत, खडे, जे काही उडेल ते आत पडतं. भिंत, पार्किंग, फुलांचे वाफे वाचतात. कडा झाल्या की मग उलट फिरा किंवा सरळ पट्टे घ्या, म्हणजे कापलेलं गवत आधीच कापलेल्या भागावर पडेल आणि तेच तेच पुन्हा ब्लेडखाली येणार नाही. मशीन चालू असताना पार्किंगची बाजू रिकामी हवी. 30 मीटरच्या आत माणूस आला की ब्लेड बंद, हा माझा नियम आहे.

पण खरी गोष्ट आहे ती खडा लॉनमध्ये होता ही. मंगल कार्यालयाचं लॉन हे साध्या बागेपेक्षा जास्त धोक्याचं, कारण तिथे दर आठवड्याला कोणीतरी लोखंड टाकून जातं. मांडववाल्यांच्या मेखा, ठोकून अर्ध्या मोडलेल्या. बाइंडिंग वायरचे तुकडे. लाइटिंगच्या माळांच्या वायरी. स्टेजच्या प्लायवूडचे खिळे. फटाक्यांचे तुकडे, बाटल्यांची बुचं, नारळाची करवंटी. मेख सगळ्यांत वाईट. ती गवतात जमिनीलगत मोडलेली असते, वरून दिसत नाही, आणि ब्लेडला लागली की ब्लेड वाकतं, स्पिंडल (ब्लेड ज्यावर फिरतं तो दांडा) वाकतो, किंवा तिचाच तुकडा निखळून उडतो. मांडववाल्यांशी बोलताना मेखा मोजून आत आणायच्या आणि मोजून बाहेर न्यायच्या हे ठरवून टाका. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत बिल नाही. त्यानंतर चाकं लावलेली चुंबकाची पट्टी मिळते, ती लॉनभर ढकलत न्या. नाही मिळाली तर जुन्या स्पीकरचे मोठे चुंबक लाकडी फळीला बांधून दोरीनं ओढले तरी खिळे आणि तारा बऱ्यापैकी निघतात. वायर तांब्याची किंवा ॲल्युमिनिअमची असली तर चुंबकाला लागत नाही, त्यामुळे डोळ्यांनी बघत पायी फिरणं चुकत नाही. प्रत्येक वेळी, मशीन काढण्याआधी, दोघांनी मिळून, दोन हातांच्या अंतरानं, पूर्ण लॉन. अडीच एकराला यात बराच वेळ जातो. हा वेळ कापण्याच्या वेळेतच धरा.

या फिरण्यात जिवंत गोष्टीही दिसतात. आपल्याकडे घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, बांधाच्या कडेनं, दगडांच्या ढिगाजवळ विशेष. म्हणून पायात बूट आणि हातात काठी. आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत टिटवीकडे लक्ष ठेवा. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुतेक वेळा चार, मातकट रंगावर काळसर ठिपके, टोकं आत करून ठेवलेली. दोन पावलांवर उभं राहूनही ती खडीसारखीच दिसतात. ओळखायची खूण पक्षी देतो: तुम्ही जवळ गेलात की टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागते, लांब गेलात की गप्प होते. जिथे ओरडणं सगळ्यांत वाढतं तिथे थांबून पायाखाली बघा. सापडलं तर चारही बाजूंनी काठ्या रोवून तेवढा तुकडा महिनाभर सोडून द्या. लग्नाच्या फोटोत तो तुकडा कुणाला दिसत नाही.

आता गवत उंच-सखल का कापलं जातंय. सगळ्यात आधी टायरमधली हवा बघा. पंक्चरवाल्याकडे नेलं की तो सवयीनं मोटारसायकलइतकी, 30 पीएसआय भरून देतो. या मशीनच्या टायरांना पुढे साधारण 14 आणि मागे 10 पीएसआय एवढीच हवा लागते. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा टायरवर असतो. जास्त हवेनं मशीन उसळत चालते आणि डेक खालीवर होतो. एका बाजूच्या टायरला कमी आणि दुसऱ्याला जास्त असेल तर डेक कललेला राहतो आणि प्रत्येक पट्ट्याची एक कड खोल जाते. हवा मोजायला कमी दाबाचा छोटा गेज घ्या; पंपावरच्या गेजवर 10 चा आकडा नीट वाचताच येत नाही.

हवा बरोबर झाली की डेकची पातळी. सपाट फरशीवर मशीन उभी करा, थांबवण्याचा सगळा क्रम करून, स्पार्क प्लगची वायर काढून, जाड हातमोजे घालून. डेकची कड मोजू नका, ती वाकलेली असू शकते. ब्लेडचं टोक जमिनीपासून मोजा. ब्लेडं आडवी फिरवून डावीकडचं टोक आणि उजवीकडचं टोक यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग उभी फिरवून पुढचं टोक मागच्यापेक्षा 3 ते 6 मिलिमीटर खाली हवं. पुढचं टोक वर राहिलं तर ब्लेडचा मागचा भाग तेच गवत पुन्हा ओढतो, पेट्रोलही जास्त जातं.

तरीही पट्टे दिसत असतील तर चालवण्याची पद्धत बघा. पेट्रोल वाचावं म्हणून चालक थ्रॉटल (इंजिनचा वेग ठरवणारी दांडी) अर्ध्यावर ठेवतात. ब्लेडचा वेग त्यानं पडतो, गवत उभं राहण्याऐवजी आडवं होतं आणि मशीन पुढे गेल्यावर पुन्हा उठतं. हाच तुमचा उंच पट्टा. इंजिनला थंड करणारा पंखाही मंदावतो आणि मे महिन्यात इंजिन तापतं. कापताना थ्रॉटल पूर्ण ठेवायचा, मशीनचा पळण्याचा वेग पेडलनं किंवा गिअरनं कमी करायचा. माणूस चालतो तेवढ्या वेगानं, ताशी 4 ते 5 किलोमीटर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर 8-10 सेंटिमीटर चढवायचा. या हिशेबानं 42 इंची डेक तासाला साधारण एकरभर कापतो, म्हणजे तुमच्या अडीच एकरांना अडीच ते तीन तास. तुमचा मुलगा दीड तासात उरकत असेल तर पट्टे का पडतात याचं उत्तर तिथेच आहे. आणि दर खेपेला दिशा बदला: आज पूर्व-पश्चिम, पुढच्या वेळी दक्षिणोत्तर, मग तिरकं. एकाच वाटेनं चाकं गेली की काळ्या मातीत चाकोऱ्या पडतात, चाक चाकोरीत गेलं की डेक टेकतो आणि गवत मुळापासून सोललं जातं.

टोकं पिवळी पडण्याचं कारण जवळजवळ नक्कीच बोथट ब्लेड. खात्री करायला कापल्यावर लगेच एक पान तोडून डोळ्यांजवळ धरा. धारदार ब्लेडनं कापलेल्या पानाचं टोक सरळ आणि हिरवं असतं. बोथट ब्लेडनं ते कापलं जात नाही, ओढून फाटतं. टोकाला पांढरट तंतू लोंबताना दिसतात. तेच तंतू दोन दिवसांत वाळून लांबून पिवळी झाक येते. फाटलेल्या टोकातून पाणीही जास्त उडतं, आणि 42 अंशाच्या उन्हात गवताला ते परवडत नाही. आपल्याकडच्या धुळीत, मातीच्या कणांमुळे धार लवकर जाते. साधारण 25 तासांच्या कामानंतर धार लावा, मेख-दगड लागला तर त्याच दिवशी बघा. ग्राइंडरवर मूळचा कोन तसाच ठेवायचा, दोन्ही टोकांवरून सारखंच घासायचं, आणि निळसर होईपर्यंत तापवायचं नाही, नाहीतर पोलाद मऊ पडतं. मग भिंतीत एक खिळा ठोकून ब्लेडचं मधलं भोक त्यावर अडकवा. ज्या बाजूला झुकेल ती जड, तिकडे थोडं आणखी घासा, आडवं स्थिर राहीपर्यंत. असमतोल ब्लेड स्पिंडलचं बेअरिंग खाऊन टाकतं आणि ते बदलायचा खर्च दोन नव्या ब्लेडांपेक्षा जास्त होतो. बसवताना उचललेले पंख वर, डेककडे, हे विसरू नका. उलटं बसवलेलं ब्लेड कापतच नाही. चीर गेलेलं, वाकलेलं किंवा पंखाजवळ पातळ झालेलं ब्लेड वेल्डिंग करून पुन्हा वापरायचा विचारही मनात आणू नका.

किती उंचीवर कापायचं हा सोलापुरात ऋतूचा प्रश्न आहे. तुमच्याकडे हरळीच्या जातीचं बारीक पानाचं गवत असणार असं धरून सांगतो. नियम एकच: एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही. हरळीची हिरवी पानं वरच असतात, खाली नुसत्या काड्या. चार बोटं वाढू देऊन एकदम बोटभर ठेवलं की तो तपकिरी सांगाडा उघडा पडतो आणि भरून यायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यात लव्हाळा आणि गाजर गवत जागा धरतात. पावसाळ्यात साडेतीन-चार सेंटिमीटर ठेवा आणि पाच ते सात दिवसांनी कापा. मार्चपासून डेक एक खाच वर घ्या, मे महिन्यात पाच सेंटिमीटरपर्यंत. उंच पानाची सावली मातीवर पडते, ओल टिकते. टँकरच्या पाण्यावर जगवत असाल आणि गवत वाढतच नसेल तर कापूच नका, फक्त कडा साफ करा. पावसाळ्यात खूप वाढलं असेल तर आज थोडं, तीन दिवसांनी थोडं, असं उतरवत आणा.

कापलेलं बारीक गवत गोळा करायचं की तिथेच सोडायचं? लग्न नसेल तेव्हा तिथेच सोडा. बारीक तुकडे लवकर कुजतात आणि त्यातून गवताला वर्षभराच्या नत्राच्या गरजेतला पाव हिस्सा परत मिळू शकतो. लग्न असेल तर दोन दिवस आधी कापा, गोळा करा, आणि पाणीही दोन दिवस आधीच बंद करा. जमीन घट्ट राहते, खुर्च्यांचे पाय रुतत नाहीत, साड्यांच्या काठांना गवत चिकटत नाही.

पावसाबद्दल ठासून सांगतो, कारण आपली माती काळी. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि गवतही तेव्हाच माजतं. कापायची घाई होते. ओल्या काळ्या मातीवर दोन-अडीच क्विंटलची मशीन आणि वर माणूस गेला की माती दाबली जाते, हवा-पाणी आत जाणं बंद होतं, टायरला चिखलाचा थर बसतो आणि वळताना गवत उपटून येतं. बुटाची टाच जोरात दाबून बघा. खळगा पडून त्यात ओल चमकली तर आज मशीन आत न्यायची नाही. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात, चाक भेगेत गेलं की डेक आपटतो; पावसाच्या आधी भेगा आणि खड्डे पोयटा-शेणखतानं भरून घ्या.

शेततळ्याच्या बांधावर ही मशीन न्यायची नाही. अजिबात नाही. अशा मशीनसाठी उताराची सर्वसाधारण मर्यादा 15 अंश धरतात, म्हणजे मीटरभर आडवं गेल्यावर सुमारे 27 सेंटिमीटर चढ. मोबाइलमधल्या लेव्हलनं मोजून बघा. शेततळ्याचा बांध याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त उभा असतो. माती भुसभुशीत, कड कधीही ढासळणारी, आणि पलीकडे प्लास्टिक अंथरलेलं पाणी. त्या घसरड्या कागदावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, मशीन अंगावर आली तर विषयच संपला. बांधाच्या पायथ्यापासून मशीनच्या दोन रुंदींएवढी जागा सोडून चुन्याची रेघ मारा, त्यापलीकडे मशीन जाणार नाही. बांधावरचं गवत खांद्यावरच्या ब्रश कटरनं, बाहेरच्या अंगानं उभं राहून काढा, आणि आत पडलं तर धरायला गाठी मारलेला दोर तळ्यात सोडून ठेवा. लॉनमध्ये कुठे सौम्य उतार असेलच तर स्टेअरिंगची मशीन सरळ वर-खाली न्यायची, आडवी नाही, आणि उतारावर वळायचं नाही. मागे एक बायपासची दांडी असते, बंद पडलेली हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी) मशीन ढकलण्यासाठी. ती ओढलेली असताना पेडल सोडल्यावर आपोआप आवरण्याची ताकद उरत नाही. तुमच्या चालकाच्या न्यूट्रलच्या सवयीला ती दांडी नेमकी सापडते. मशीन उलटली तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान सीटच्या मागे असेल तर ती उभी ठेवा आणि सीटबेल्ट लावा. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर बेल्ट लावू नका.

अंगावर काय घालायचं ते पटकन सांगतो. चप्पल नाही, बूट. डोळ्यांना गॉगल, कानांना इअरमफ. असा आवाज रोज तास-दोन तास वर्षानुवर्षं कानावर पडला की बहिरेपण येतं आणि परत जात नाही. गळ्यात टॉवेल टाकून काम करण्याची आपल्याकडची रीत आहे, सोलापुरी टॉवेल तर काय लांबलचक; वाकलं की त्याचं टोक बेल्टकडे जातं. घाम पुसायला टॉवेल सीटच्या मागे पिशवीत ठेवा. उन्हाळ्यात काम सकाळी दहाच्या आत किंवा उतरत्या उन्हात, पाण्याची बाटली जवळ, खिशात मोबाइल आणि नजरेच्या टप्प्यात दुसरा माणूस. काही झालंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि 108 ला फोन.

देखभालीत सोलापूरला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या: धूळ आणि पेट्रोल. एअर फिल्टर पुस्तिकेतल्या तासांची वाट न बघता दर वापरानंतर उघडून बघा, आणि इंजिनच्या पंखांमध्ये, सायलेन्सरच्या भोवती साचलेलं वाळकं गवत ब्रशनं काढा. इंजिन तापण्याचं आणि मशीन पेट घेण्याचं तेच नेहमीचं कारण. ऑइलची पातळी रोज बघा. आपल्या उन्हाळ्यात एसएई 30 सारखं जाड ऑइल बऱ्याच इंजिनांना चालतं, पण पुस्तिकेत जे असेल तेच. पेट्रोलचं असं की पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि अशा बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. तुमच्या इंजिनचं काय ते विक्रेत्याकडून लेखी घ्या, वॉरंटीचा प्रश्न आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, रबरी नळ्या मऊ करतं. म्हणून लागेल तेवढंच पेट्रोल आणा, दोन आठवड्यांपेक्षा जास्त मशीन उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधलं जाळून टाका, आणि नळ्यांना चिरा पडल्यात का ते महिन्याला बघा. कॅन टेम्पोच्या हौद्यात ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवून भरा. मशीनमध्ये ओतताना इंजिन गार झालेलं हवं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडायचा अवकाश.

शेवटचा प्रश्न मुलाचा. त्यालाच ठेवा. इंजिनचा आवाज ओळखणारा, बेल्ट-बेअरिंग कळणारा माणूस सहज मिळत नाही. दोन दिवस सकाळी त्याला रिकाम्या पार्किंगमध्ये, ब्लेड बंद ठेवून मशीनवर बसवा. पहिल्या दिवशी फक्त थांबवण्याचा क्रम, तुम्ही मध्येच हात वर करायचा आणि त्यानं पीटीओपासून किल्लीपर्यंत सगळं करून उतरायचं. दुसऱ्या दिवशी खडूनं आखलेल्या पट्ट्यांवर सरळ चालवणं, टोकाला सावकाश वळणं, मागे बघून मागे घेणं. तिसऱ्या दिवशी लॉनवर, पार्किंगपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, ब्लेड लावून. आणि मशीनवरच्या तासांच्या मीटरचा आकडा, ऑइल, धार, फिल्टर यांच्या नोंदीची वही त्याच्याच हाती द्या, पगारात थोडी वाढ करून.